फी बाकी म्हणून शाळा दाखला अडवून बसलीये, कायद्यात काय आहे?

दोन_पोरांची_आई:
नमस्कार मंडळी, इथे बरेच जण शिक्षण खात्यातले, वकील वगैरे आहेत म्हणून विचारतेय. मुलगी पाचवी पास होऊन सहावीत जाणार, मुलगा आठवी पास होऊन नववीत. दोघं एकाच विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, बोर्ड स्टेटचं, शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या वर्षी घरात एकच पगार उरला त्यामुळे दुसऱ्या टर्मची दोघांची मिळून ४१ हजार फी राहिली. राहिलीये हे मी नाकारतच नाहीये, हप्त्याने भरते असं तीनदा जाऊन सांगितलं. आता घराजवळच्या अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीला दोघांना घ्यायला तयार आहेत पण ते म्हणतात एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणा. आणि आमच्या शाळेत ऑफिसच्या खिडकीतल्या मॅडम अर्ज हातातच घेत नाहीत, आधी नो ड्यूज आणा म्हणतात, आणि नो ड्यूज कुठे मिळतं विचारलं तर अकाउंट्सला, आणि अकाउंट्सवाला म्हणतो पुढच्या वर्षीच्या पहिल्या टर्मची पण भरावी लागेल कारण तुम्ही मार्चच्या आधी लेखी कळवलं नाही. म्हणजे ज्या वर्षी मुलं तिथे असणारच नाहीत त्याचीही फी!!

मुलीचा रिझल्ट पण दिला नाही. लांबून दाखवला. आणि फेब्रुवारीत वर्गात फी राहिलेल्यांची नावं वाचून उभं केलं होतं, सहा मुलं होती, ही त्यात. घरी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना हळूच म्हणाली, आई मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं तर चालेल का आज. तेव्हा मला कळलं.

प्रश्न असा की दाखला अडवता येतो का शाळेला, नवीन शाळा दाखल्याशिवाय घेऊ शकते का, आणि ते उभं करण्याचं काही करता येतं का. भांडण नकोय मला, पोरांची शाळा सुरू व्हायला हवी जूनमध्ये, बास.

रोखठोक_बोलू:
ताई वाईट वाटू देऊ नका पण शाळाही हवेवर चालत नाही. शिक्षकांचे पगार याच फीतून होतात. प्रत्येकाने सहा महिने बुडवून दुसऱ्या शाळेत पोरं घातली तर संस्थाचालकाने करायचं काय? कर्ज काढा, फी भरा, दाखला घ्या, विषय संपला. हक्क हक्क करताना जबाबदारीचं पण बघावं माणसाने.

जुना_लिपिक:
रोखठोक साहेब, त्या बाई बुडवते म्हणाल्याच नाहीत, हप्त्याने देते म्हणाल्या. नीट वाचा की.

ताई, मी ३१ वर्षं अनुदानित शाळेत लिपिक होतो, आयुष्यात किती हजार दाखले लिहिले मलाच माहीत नाही, तेव्हा मी जे सांगतो ते ऐका. पहिली गोष्ट, तुमच्या दोन पोरांची केस एक नाही, दोन आहेत. मुलीची सोपी, मुलाची जरा वाकडी.

मुलीचं बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो सहा ते चौदा वयाच्या आणि पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. त्याचं कलम ५ काढून वाचा, छोटंसं आहे. त्यात असं आहे की मुलाला कुठल्याही कारणाने दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. आणि पुढे त्याहून महत्त्वाचं, दाखला आणायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश लांबवायचा नाही की नाकारायचा नाही. आणि मुख्याध्यापकाने उगाच उशीर केला तर त्याच्यावर सेवानियमाप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे तिसरं वाक्य लोक वाचत नाहीत, मुख्याध्यापक मात्र बरोबर वाचून असतात.

एक मेख आहे. हे कलम तुम्ही जिथे जाताय ती शाळा सरकारी, महापालिका झेडपीची किंवा अनुदानित असेल तरच चालतं, एका विनाअनुदानितमधून दुसऱ्या विनाअनुदानितमध्ये जाणाऱ्याला हे कलम दाखवून उपयोग नाही. तुम्ही अनुदानितमध्ये जाताय, म्हणजे बरोबर बसता.

तेव्हा नवीन शाळेच्या मुख्याध्यापकांना कलम ५ चा उल्लेख करून साधा अर्ज द्या, जन्माचा दाखला, आधार आणि असेल ते जुनं प्रगतिपुस्तक जोडा, चौथीचं चालेल. वयाच्या पुराव्यासाठी सुद्धा अडवायचं नाही असं कलम १४ आहे. नवीन शाळेचा लिपिक कुरकुर करेल कारण त्याला ऑनलाइनची भीती असते. पोर्टलवर नवीन शाळेने ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकायची आणि जुनीने मान्य करायची अशी पद्धत आहे, जुनी मुद्दाम बसून राहते मग नवीन शाळेचा पट दिसत नाही आणि पटावर त्यांची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं. त्यांची भीती खोटी नाही. पण त्याचा इलाज केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी देणं हा आहे, पोरीला घरी बसवणं हा नाही.

आणि जुन्या शाळेत खिडकीत अर्ज घेत नाहीत ना? मग खिडकीत जाऊच नका. पोस्टाने पाठवा, पोचपावती मागून. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच गेलंय पण पोच मिळते. शिवाय शाळेच्या ईमेलवर. अर्ज मिळालाच नाही हे शाळांचं सगळ्यात लाडकं वाक्य असतं, ते आधी बंद करा.

काळा_कोट:
लिपिक काकांनी बरोबर सांगितलंय, मी मुलाचं लिहितो. मुलगा आठवी पास झाला, चौदा पूर्ण झाली असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येतला बालक तो उरला नाही, त्यामुळे नववीच्या प्रवेशाला कलम ५ थेट लावता येत नाही. पण म्हणून शाळेला दाखला गहाण ठेवायचा अधिकार मिळतो असंही नाही. दाखला ही वस्तू तारण नाही, तो मुलाच्या शिक्षणाची नोंद आहे. फी हे पालक आणि संस्थेमधलं देणं, त्याच्या वसुलीला दिवाणी कोर्ट आहे, नोटीस पाठवा, दावा लावा, कोण नको म्हणतंय.

दोन निकाल लक्षात ठेवा. ३ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानातल्या शाळांच्या केसमध्ये कोविड वर्षाची फी १५ टक्के कमी करून हप्त्याने घ्यायला सांगितली आणि फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर काढू नका, रिझल्ट अडवू नका असंही सांगितलं. ते त्या वर्षापुरतं होतं, त्यामुळे आंधळेपणाने दाखवू नका, पण कोर्टाचा कल कळतो. दुसरा मद्रास हायकोर्टाचा जुलै २०२४ चा, त्यात स्पष्ट म्हटलंय की टीसी, म्हणजे हाच शाळा सोडल्याचा दाखला, हे शाळांचं फी वसुलीचं साधन नाही, आणि दाखल्यावर फी बाकीची नोंद करू नये. मद्रासचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही पण शिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठेवायला उत्तम आहे.

पुढच्या टर्मच्या फीचं म्हणाल तर त्यांना एकच प्रश्न लेखी विचारा, ही रक्कम कार्यकारी समितीने कुठल्या तारखेला मंजूर केली? महाराष्ट्राचा फी विनियमनाचा कायदा २०११ चा, लागू झाला २०१४ ला. शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक शिक्षक संघ करायचा, त्यातून कार्यकारी समितीचे पालक सोडत काढून निवडायचे, आणि पुढच्या वर्षाची फी काय असावी हा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी त्या समितीपुढे ठेवायचा. ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. मंजूर फीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही. मुलं येणारच नाहीत त्या टर्मची फी असं काही त्या मंजुरीत असेल याची शक्यता मला तरी शून्य वाटते. हा प्रश्न लेखी गेला की ती मागणी आपोआप विरते असा माझा अनुभव, अगदी चहाच्या कपावर पैज लावतो.

हां, या कायद्यात एकट्या पालकाला फार बळ नाही हे खरं आहे. विभागीय शुल्क नियामक समितीकडे फीवाढीची तक्रार करायला नंतरच्या दुरुस्तीनुसार २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ४०० पोरांच्या शाळेत शंभर पालक सही करतील का सांगा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे वाघ असतात.

आता मुलीला उभं केल्याचं. परत शिक्षण हक्क कायदा, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. फीसाठी वर्गात नाव वाचून उभं करणं हा मानसिक छळच आहे माझ्या मते. कलम ३२ खाली महापालिका किंवा झेडपी, जे तुमच्याकडे असेल तिथे लेखी तक्रार करता येते, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तारीख, तास, कोण होतं, काय शब्द वापरले, आठवतंय तोवर लिहून काढा. मुलीला मात्र दहा वेळा विचारत बसू नका.

खडू_डस्टर:
मी त्या वर्गात नावं वाचणाऱ्यांपैकी एक आहे. म्हणजे ताईंच्या शाळेतली नाही, पण आमच्याकडेही हेच चालतं. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

दर महिन्याच्या १० तारखेला ऑफिसमधून एक प्रिंटआउट येतं, त्यात माझ्या वर्गातली थकबाकीची नावं, आणि प्रत्येक नावापुढे रिकामा रकाना, त्यात मी पालकांशी बोलून काय उत्तर मिळालं ते लिहायचं आणि सही करायची. माझ्या मोबाइलवरून, माझ्या रिचार्जने. रकाना रिकामा गेला तर मुख्याध्यापिका बोलावतात. मागच्या वर्षी एकदा वसुली कमी झाली म्हणून वर्गशिक्षकांचे पगार बावीस तारखेला झाले आणि स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं की तुमच्या वर्गाची फी आली की तुमचा पगार. मी वर्गात कोणाला उभं केलं नाही कधी पण डायरीत लिहून दिलंय, आणि ते लिहिताना पोरगं टेबलाशी उभं राहून वाचत असतं हो. एकाने विचारलं होतं, टीचर हे पप्पांना दाखवायचं का आजीला.

मला वकील साहेबांना विचारायचंय की आमचं काय? आमची मूळ प्रमाणपत्रं, बीएड, डीएड, सगळं जॉइन होताना घेऊन ठेवलंय, परत मागितलं तर राजीनामा देणार आहात का विचारतात. आणि कोरा राजीनामा सही करून घेतलाय काही जणींकडून, तारीख न टाकता. सात वर्षं झाली मला इथे.

काळा_कोट:
ताई तुमचा वेगळा धागा व्हायला हवा पण आता इथेच लिहितो.

मान्यताप्राप्त खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, शिक्षक त्याला एमईपीएस म्हणतात. आम्ही प्रायव्हेट आहोत आम्हाला काही लागत नाही असं स्टाफरूममध्ये ऐकू येतं ते चूक. रिक्त पदावर रीतसर नेमणूक असेल तर परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, दोन वर्षं, त्यानंतर तुम्ही कायम. सात वर्षं झालेल्या माणसाला उद्यापासून येऊ नका असं तोंडी सांगता येत नाही. आरोपपत्र, तीन जणांची चौकशी समिती, त्यात एक तुमच्या पसंतीचा, हे सगळं करावं लागतं. काढलंच तर शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील, ही तीस दिवसांची मुदत भल्याभल्यांची चुकते कारण संस्था म्हणते थांबा बघू, आणि माणूस थांबतो.

कोऱ्या राजीनाम्याचं तर कायद्यानेच ओळखून ठेवलंय. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतीत, दोन्हीवर सही आणि तारीख कर्मचाऱ्याने घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला आणि दुसरी स्वतःकडे. १९७७ साली एवढं बारीक का लिहिलं असेल? कारण तेव्हाही कपाटात कोरे राजीनामे असायचे. तुमच्याकडे दुसरी प्रत नाही, पोस्टाची पावती नाही, तर तो कागद न्यायाधिकरणात फार टिकत नाही.

मूळ प्रमाणपत्रं लेखी मागा, यादी करून, कारण लिहा की बँकेच्या कामाला किंवा पुढच्या परीक्षेच्या फॉर्मला हवीत. पडताळणी करून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात. आणि पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीही लागते खाजगी शाळेतल्या शिक्षकाला, २००९ ची दुरुस्ती आहे ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन लागू, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२२ मध्ये शिक्कामोर्तब केलंय.

आणि फी वसुलीचं, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही, अपवाद तीनच, दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. वसुली त्यात मला तरी कुठे दिसली नाही.

रोखठोक_बोलू:
खडू ताईंचं वाचून जरा गप्प झालो. मला वाटत होतं फी भरली की शिक्षकाचा पगार होतो. इथे तर भरली तरी प्रमाणपत्रं कपाटातच. तरी माझं मत आहे की देणं दिलंच पाहिजे.

जुना_लिपिक:
दिलंच पाहिजे. पण पोराच्या दाखल्यातून नाही, एवढंच चाललंय वर.

ताई अर्ज गेला का?

दोन_पोरांची_आई:
उशिरा लिहितेय, मध्ये धावपळ होती. मंडळी खूप खूप आभार. काय झालं ते सांगते.

लिपिक काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन वेगळे अर्ज केले, मुलीच्यात कलम ५ लिहिलं, मुलाच्यात नाही. दोन्हीत सरळ लिहिलं की ४१ हजार बाकी मला मान्य आहे, दर महिन्याला सात हजार देईन, पहिला हप्ता सोबत ऑनलाइन भरलाय त्याची पावती जोडतेय. आणि शेवटी वकील दादांचा तो एक प्रश्न, पुढच्या टर्मची फी समितीने कधी मंजूर केली. पोस्टाने आणि ईमेलने पाठवलं, प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात आवक शिक्का मारून घेतली. तिथल्या क्लार्कने शिक्का मारताना एकदा वर बघितलं आणि म्हणाले, मॅडम कोणी शिकवलं एवढं नीट लिहायला.

मुलीचा प्रवेश झाला! दाखल्याशिवाय. नवीन शाळेच्या मुख्याध्यापक सरांनी स्वतः जुन्या शाळेला पत्र टाकलं दाखला पाठवा म्हणून. पहिल्या दिवशी तिला भीती होती मराठी गणित कसं जमेल, घरी येऊन म्हणाली आई लसावि मसावि म्हणजे ते एलसीएम एचसीएफच आहे गं, उगाच घाबरवतात.

जुन्या शाळेतून नवव्या दिवशी फोन आला. ट्रस्टी होते. आवाज एकदम गोड. पुढच्या टर्मचा विषयच काढला नाही, मीही नाही काढला (वकील दादा चहा लागू). हप्त्यांचं लेखी घेतलं माझ्याकडून आणि म्हणाले सोमवारी येऊन दोघांचे दाखले आणि रिझल्ट घेऊन जा. उभं केल्याबद्दल मी कलम ३२ ची तक्रार अजून केली नाहीये, लिहून ठेवलंय सगळं. नवरा म्हणतो सोडून दे, मुलगी म्हणते टीचर चांगल्या होत्या त्यांना रागावू नका. खडू ताईंचं वाचल्यावर माझंही ठरत नाहीये. तक्रार केली तर ती टीचरवर शेकेल ना, ज्याने यादी पाठवली त्याच्यावर नाही.

काळा_कोट:
तक्रारीत शिक्षिकेचं नाव नका घालू. शाळेची थकबाकी वर्गात वाचून दाखवण्याची पद्धत असं लिहा आणि प्रतिवादी व्यवस्थापन करा. ती यादी ऑफिसातून येते हे चौकशीत निघेलच.

खडू_डस्टर:
ताई, त्या टीचरच्या जागी मी असते तर कोणीतरी तक्रार करावी असंच मला वाटलं असतं. मी यादी करून प्रमाणपत्रं मागितली आहेत काल. अजून उत्तर नाही. हात थरथरत होते ईमेल पाठवताना, हसू नका.

जुना_लिपिक:
कोण हसतंय. पाठवलेला ईमेल घरच्या पत्त्यावर पण फॉरवर्ड करून ठेवा, शाळेचा आयडी उद्या बंद करतील.

आणि दोन पोरांच्या आई, सोमवारी जाल तेव्हा घाई करू नका. रजिस्टरवर सही करायच्या आधी दाखला तिथेच उभं राहून अक्षर न अक्षर वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात. शेऱ्याच्या रकान्यात फी बाकी वगैरे लिहिलंय का बघा, असेल तर घेऊ नका, दुसरा लिहायला सांगा. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधलं काही बदलायचं म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेच्या चकरा, आणि दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मला तेच जातं, जात पडताळणीलाही तेच बघतात. आणि लॅमिनेट करू नका हात जोडतो, मागे शेरा शिक्का मारायचा असतो लोकांना.

दोन_पोरांची_आई:
काका गेले होते. मुलीचा ठीक आहे. मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव माझं माहेरचं लागलंय, पहिलीत प्रवेश घेताना मी तसं लिहिलं होतं बहुतेक, त्यांच्या रजिस्टरलाही तेच आहे. मी सही न करता परत आले. आता काय करू?

जुना_लिपिक:
बरं केलंत परत आलात. मुलाचा जन्माचा दाखला काढा, त्यावर आईचं नाव काय आहे ते आधी सांगा. तिथेही माहेरचंच असेल तर काही बदलू नका, दोन्ही जुळतंय ते बरं. वेगळं असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडून अर्ज, आणि पोरगं अजून त्यांच्या पटावर आहे तोवरच, म्हणजे याच आठवड्यात. जन्मदाखल्यावर काय आहे?